कुणीतरी बघा हो

जजला काय आवडतं, हा आमच्या साताऱ्यातल्या छोट्याशा फोटोग्राफी क्लबातला बारमाही विषय आहे. लेन्सच्या किमती, पावसाची उघडीप, कासला फुलं आली की नाही, हे सगळे हंगामी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही जमतो. महिन्याचा विषय आधी ठरलेला असतो आणि परीक्षक म्हणून बाहेरगावचा कुणी जाणकार येतो. त्याला चहा, कंदी पेढे आणि लेझरची कांडी दिली जाते. मग आम्ही फोटोत जे जे हौसेनं घेतलं, त्यातलं काय काय घ्यायला नको होतं, ते तो सांगतो. एक म्हणतो, आभाळ फार झालं, कापा. पुढच्या महिन्यात आभाळ कापून न्यावं, तर नवा जज पडद्याकडे बघत हळहळतो, अहो, या डोंगराला डोकं वर काढायला जागा कुठंय?

यावर उपाय म्हणून मॅनेजरसाहेबांनी एक वही घातली आहे. साहेब बँकेतून निवृत्त झालेले आणि क्लबाचे खजिनदार. वहीत प्रत्येक जजचं खातं आहे. ‘पक्षी चालतात. सूर्यास्ताचा कंटाळा. लग्नातले फोटो नकोत. म्हातारी माणसं हमखास.’ साहेब ही वही वाचूनच फोटो निवडतात आणि तरीही त्यांना बक्षीस मिळत नाही. वही चुकीची आहे असं त्यांना अजून वाटलेलं नाही. जज बेभरवशाचे निघतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

फोटो नाव न सांगता दाखवायचे असा नियम आहे. या नियमाचा उपयोग फक्त जजला. बाकी सगळ्यांना कुणाचं काय ते क्षणात कळतं. दातांच्या डॉक्टरांचं क्षितिज डावीकडे कललेलं असतं. जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघितल्यामुळे असं होतं, असं चित्रकलेचे मास्तर सांगतात. खुद्द मास्तरांच्या फोटोत पुढे एखादी फांदी नाहीतर दाराची चौकट असायलाच हवी. चौकटीशिवाय ते सूर्यालाही उगवू देत नाहीत. आणि धुकं असेल तर लाल छत्री आलीच. ही छत्री क्लबाच्या मालकीची असून डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत असते. यवतेश्वरच्या घाटात धुकं उतरलं की आमच्यापैकी एकजण ती घेऊन लांब चालत जातो आणि बाकीचे मागून ओरडतात, “अहो, इतक्या भरभर नको, विचारात पडल्यासारखे चाला!” विचारात पडलेली ती छत्री आम्हाला दोनदा पहिलं बक्षीस देऊन गेली. तिसऱ्यांदा जजनं विचारलं, तुमच्या गावात एवढीच छत्री मिळते का?

क्लबात एकच माणूस फोटोवर पोट भरतो, ते म्हणजे स्टुडिओवाले काका. स्पर्धा हौशींसाठी असल्यामुळे त्यांना भाग घेता येत नाही. प्रोजेक्टर मात्र त्यांचा, प्रिंट त्यांच्याकडच्या आणि प्रदर्शनाच्या चौकटीही त्याच दुकानातल्या. प्रोजेक्टर किंचित लाल दाखवतो, म्हणून सगळे सभासद घरी बसून आपले फोटो थोडे हिरवट करून आणतात. पडद्यावर ते बरे दिसतात. प्रदर्शनासाठी छापायची वेळ येते तेव्हा शेवाळ धरलेली माणसं आणि देवळं काका मुकाट्यानं पूर्ववत करतात. पोरांना ‘मान सरळ, हनुवटी खाली’ म्हणत पासपोर्टचे फोटो काढून झाले की दुपारी हेच काम.

आमचं वर्ष चैत्रात सुरू होत नाही, जूनमध्ये होतं. शाळा उघडल्याशिवाय वर्ग मिळत नाही हे कारण, पण वर्षाचा पहिला मोठा विषय वारी, हेही खरंच. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते आणि लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दुतर्फा वारकरी आणि मधून माउलींचा अश्व. त्याचे चारही पाय जमिनीवरून उचलले गेलेत असा फोटो क्लबातल्या प्रत्येकाकडे आहे, आणि इतका सारखा, की एकदा दोघांनी एकमेकांचे फोटो आपले म्हणून पाठवले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. रिंगणाविषयी यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखी गोष्ट डॉक्टरांच्या आजींची आहे.

मागच्या वारीत डॉक्टरांनी एका आजींचा फोटो काढला होता. विसाव्याला झाडाखाली बसलेल्या, हातात भाकरी, नजर कुठंतरी लांब. घरी आल्यावर डॉक्टरांनी तो काळापांढरा केला आणि सॉफ्टवेअरमधली क्लॅरिटीची पट्टी उजवीकडे अगदी टोकापर्यंत ओढली. ही पट्टी ओढली की उजेड आणि सावलीच्या कडा तीव्र होतात आणि चेहऱ्यावर होती ती आणि नव्हती ती प्रत्येक रेघ वर येते. जज भारावले. या सुरकुत्यांमध्ये अख्खा महाराष्ट्र आहे, म्हणाले. फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

यंदा डॉक्टर त्याची मोठी प्रिंट घेऊन गेले. वारीतला माणूस पुन्हा सापडतो, कारण दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढे अमुक, रथामागे तमुक, आणि तो क्रमांक डॉक्टरांनी लिहून ठेवला होता. आजी सापडल्या. त्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“ही कोण म्हणायची?”

“आजी, तुम्हीच. मागच्या वर्षी नाही का, इथंच—”

“मी? एवढ्या सुरकुत्या कुणी घालाया सांगितल्या व्हत्या रं तुला?”

मग फोटो सगळ्या दिंडीभर फिरला. बायका एकेक रेघ बोटानं दाखवून हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, भाकरी बरीक झकास आलीय. फिरून आल्यावर आजींनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठोड्यात नीट ठेवला आणि हुकूम केला, “आता चांगला काढ.” त्यांनी पदर डोक्यावर घेतला, शेजारणीची तुळस मागून स्वतःच्या डोक्यावर ठेवली, ताठ उभ्या राहिल्या आणि कॅमेऱ्याकडे एकटक बघू लागल्या. डॉक्टरांनी मुकाट्यानं फोटो काढला. तो स्पर्धेला पाठवला नाही. वहीप्रमाणे त्याला एकही गुण मिळाला नसता. काकांनी मात्र छापताना तो बराच वेळ हातात धरला होता. “दोन्ही कान दिसतायत,” ते समाधानानं म्हणाले.

या प्रसंगानंतर मला वाटू लागलं की आमच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ बक्षिसात नाही. फोटो काढणारे आता घरोघरी आहेत, टंचाई आहे ती बघणाऱ्यांची. मोबाइलमध्ये हजारो फोटो पडलेले असतात आणि दुसऱ्याचा अंगठा त्यांच्यावरून सुसाट जातो. घरी एखादा फोटो कौतुकानं दाखवावा, तर ‘छान आहे’ या दोन शब्दांनंतर तिसरा शब्द ‘गॅस’ असतो, आणि तो बंद केला का असं विचारलेलं असतं. क्लबात तसं नाही. अंधार केलेल्या वर्गात माझा सुमार फोटोही अख्खं मिनिटभर पडद्यावर राहतो आणि बाकावर अवघडून बसलेले प्रौढ लोक त्यातल्या विजेच्या तारेबद्दल भांडतात. तार हवी होती की नको होती, यावर आमच्यात दोन पक्ष पडले आणि त्यांनी पंधरा दिवस एकमेकांना चहा पाजला नाही. इतकं लक्ष माझ्या लग्नाच्या अल्बमलाही कुणी दिलेलं नाही.

ऑगस्टमधल्या जागतिक छायाचित्रण दिनाचं थोडक्यात. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरच्या पद्धतीची कृती जाहीर झाली, ती जगाला खुली झाली, आणि पुढच्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. मास्तर हे दरवर्षी सांगतात. डॉक्टर लोकांना हा नाद तेव्हापासूनचा आहे, हेही ते दरवर्षी सांगतात. मग सामोसे येतात.

सप्टेंबरात कास. ऑनलाइन नोंदणी, माणसांची रोजची मर्यादा आणि वाटेच्या कडेला पोटावर आडवे पडलेले आमचे सभासद. सीतेची आसवं हे नखाएवढं निळंजांभळं फूल इतकं नाजूक दिसतं, की ती वनस्पती बारीक जीव पकडून खाते हे नवख्यांना खरं वाटत नाही. त्याचा फोटो घ्यायचा तर श्वास रोखावा लागतो, आणि तो रोखेपर्यंत वारा सुटतो. निसर्ग विभागाचे नियम कडक आहेत. माणसाची खूण दिसता कामा नये, आणि मागाहून काही घालायचं नाही की पुसायचं नाही. त्यामुळे शेजारच्या सभासदाचा बूट चौकटीत येऊ नये म्हणून जे संवाद पठारावर झडतात ते इथं देण्यासारखे नाहीत.

वर्षातली सगळ्यात चांगली सहल स्पर्धेची नव्हतीच. ती काकांच्या कपाटातून निघाली. कपाटात एक आगफा क्लिक थ्री आहे, बडोद्याला बनलेला, काळा, ठोकळेबाज. त्यात एकशेवीसचा रोल भरायचा आणि बारा फोटो काढायचे. एका बैठकीत पोरं शेकड्यानं फोटो काढतात यावरून बोलणं निघालं आणि काका म्हणाले, बारात भागवून दाखवा. ठरलं. प्रत्येकानं बाराच फोटो काढायचे, खोडायचे नाहीत आणि काढलेला बघायचाही नाही. डॉक्टरांनी दवाखान्यातली चिकटपट्टी आणून सगळ्यांच्या कॅमेऱ्यांचे पडदे झाकले. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोबाइलवर काढतो. त्याला पट्टी लावून चालेना, म्हणून मास्तर शेजारी उभे राहून मोठ्यानं मोजत होते.

जागाही आकड्याला साजेशी निवडली, लिंब गावची बारा मोटेची विहीर. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. विहीर अष्टकोनी, तिला जोडून दुसरी छोटी, आणि दोन्हींच्या मध्ये चक्क दगडी महाल. पायऱ्या उतरून कमानीखाली गेलं की बाहेरचं ऊन डोळ्यांत राहतं आणि काही क्षण काहीच दिसत नाही. एरवी आम्ही त्या क्षणांतही बटण दाबत असतो. त्या दिवशी मात्र सगळे गप्प उभे होते. अंधार निवळला, कोरीव दगड दिसायला लागले, पाण्यावरून परतलेला उजेड कमानीच्या पोटावर हलताना दिसला, आणि तरी कुणी कॅमेरा उचलेना, कारण एक फोटो गेला तर अकराच उरणार. गावातला एक पोरगा आमच्याकडे बघून म्हणाला, “काका, कॅमेरे बिघडले का?” दुपारी हिशेब झाला, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी बारापैकी पाचच वापरले होते. सात शिल्लक. पुढच्या सहलीत ते वापरता येतील का, असं त्यांनी खरोखर विचारलं.

हिवाळ्यात भिगवण. पहाटे तीनला निघून उजनीच्या पाण्यावर उजाडताना पोचायचं आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे. तिथल्या नावाड्यांना आता कॅमेरे आमच्यापेक्षा जास्त कळतात. “साहेब, शटर वाढवा, आता उठतील,” असं आमचा नावाडी म्हणाला, आणि रोहित उठले. एका रोहितानं मान पोटाखाली घालून पिसं साफ करायला घेतली. मुंडकं दिसेचना, नुसता गुलाबी गोळा आणि खाली दोन काड्या. विद्यार्थी लगेच म्हणाला, अशाच फोटोनं २०२४ मध्ये घोटाळा केला होता. ते खरं आहे. माइल्स अॅस्ट्रे नावाच्या छायाचित्रकारानं बिनमुंडक्याच्या रोहिताचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय विभागात मुद्दाम पाठवला आणि बक्षीसही मिळवलं. मग फोटो खरा असल्याबद्दल त्याला बाद करण्यात आलं.

परतीच्या वाटेवर गाडीत यावरच चर्चा. आपणही नियम करायला हवा, पहिल्या तिघांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवायची, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. विद्यार्थ्यानं विचारलं, “पण काका, ती लाल छत्री? ती खरी धरायची का?” यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वाटेत चहाची टपरी आली.

मार्चमध्ये वार्षिक प्रदर्शन झालं. बघायला आलेले लोक पहिल्यांदा आपण किंवा आपला नातेवाईक कुठल्या फोटोत आहे का ते बघतात, मग आपलं गाव शोधतात, आणि उरलेल्या फोटोंपुढून शिस्तीत पुढे सरकतात. मला आता यात गैर वाटत नाही. लिंबचे एक गृहस्थ विहिरीच्या फोटोपुढे खूप वेळ उभे होते. मास्तरांना वाटलं, छायाप्रकाशाचा खेळ भावला. ते त्यांच्याजवळ गेले. गृहस्थ म्हणाले, “या कमानीवर मधमाश्यांचं पोळं असायचं, ते दिसत नाही. काढलं का?” खोडाखोड केलेली नाही, हे त्यांना पटवता पटवता मास्तरांना घाम फुटला.

वार्षिक सभेत मात्र एक पेच उभा राहिला आणि तो अजून सुटलेला नाही. नवे विषय ठरले, वर्गणी वाढली, छत्रीचं कापड बदलायला मंजुरी मिळाली. तेवढ्यात काका उठून म्हणाले की पाडव्यापासून दुकान मुलाच्या हाती देतोय. आता आपण शटर ओढणार आणि येत्या जूनपासून स्पर्धेत उतरणार. टाळ्या वाजल्या, पण जरा पातळच. इतकी वर्षं सगळ्यांच्या प्रिंट ज्यानं काढल्या, त्याला प्रत्येकाची खोड ठाऊक आहे, आणि जजची वही न वाचताही तो जिंकेल, हे सगळ्यांना एकाच वेळी उमगलं होतं. मॅनेजरसाहेबांनी हौशीपणाच्या व्याख्येची प्रत मागवली आहे. प्रोजेक्टरचं भाडं हे छायाचित्रणातून मिळालेलं उत्पन्न धरायचं की नाही, एवढा एकच मुद्दा ते तपासून बघणार आहेत.