मानधनाचे अर्थशास्त्र

शिक्षकाला पगार पुरतो की नाही, हा वाद महाराष्ट्र शासनाने २००० साली मुळापासूनच मिटवला: नव्या शिक्षकाला पगारच ठेवला नाही. ‘शिक्षण सेवक’ म्हणून पहिली तीन वर्षे त्याला मानधन मिळू लागले. प्राथमिक शाळेत ते दरमहा ३,००० रुपयांपासून निघाले आणि २०२३ मध्ये १६,००० वर पोहोचले. भरल्या पोटी माणूस पेंगतो, तेव्हा वर्गात शिक्षक जागा राहावा ही दूरदृष्टी त्यामागे असणारच.

अंशतः अनुदानित शाळांत योजना आणखी सूक्ष्म आहे. तिथे वेतनाचे अनुदान वीस, चाळीस, साठ अशा टक्क्यांनी, आझाद मैदानावरच्या मुक्कामानंतर वाढते. पाढे मात्र वीस टक्क्यांतही तीसपर्यंत पूर्ण घ्यावे लागतात.

‘अर्धा दिवस काम, वर मे महिन्याची सुट्टी’ ही लोकांची तक्रारही रास्तच. मतदार याद्या, जनगणना, तांदळाचा हिशेब ही कामे उरलेल्या अर्ध्या दिवसाचा विरंगुळा होत. शिवाय शाळेत शिजलेली खिचडी मुलांच्या आधी शिक्षकाने चाखायची असते. हा लाभ पगारपत्रकात कुठेच दाखवला जात नाही.

हाच तर्क पुढे नेला, तर सेवेची संधी मिळाल्याबद्दल शिक्षकानेच पैसे भरायला हवेत. काही खासगी संस्था नेमणुकीपूर्वी एकरकमी ‘देणगी’ घेतात, त्यामुळे शासनाला त्यासाठी वेगळा आदेश काढण्याची गरज पडलेली नाही.