नळीतज्ज्ञ

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की जालना-भोकरदन रस्त्यावर पहाटे पाचला पावलं वाजू लागतात, आणि दुसऱ्या आठवड्यात केदारखेड्यातली निम्मी पोरं लंगडू लागतात. त्या लंगडणाऱ्या पोरांकडे बघून गावातल्या एकाच माणसाचा चेहरा खुलतो. त्याला आपण नळीतज्ज्ञ म्हणू.

तो शोधावा लागत नाही. गळ्यात शिट्टी, अंगात कुठल्याशा अकॅडमीचा विटलेला टी-शर्ट, आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली ट्रॅक पँट. शिपाईपदासाठी खुल्या गटाला 28 आणि मागासवर्गीयांना 33 वर्षांची मर्यादा असते. गडी दोन्ही ओलांडून निवांत झालाय. पोरांनी त्याला ‘दादा’ म्हटलेलं चालत नाही, ‘सर’ लागतं. तो प्रत्येक भरतीत एका मार्कानं राहिलेला आहे. भरती बदलली, मैदान बदललं, मार्क मात्र तोच.

पोरगं लंगडत आलं, की तपासणी उभ्याउभ्याच होते.

“कुठं दुखतंय?”

“नडगीत, सर.”

“आतून का भायेरून?”

“आतून. घोट्याच्या वर, ही एवढी समदी कड.”

“भरली! नळी भरली तुही.” हे तो अशा सुरात सांगतो, की पोराला वाटावं आपल्याला मेडल मिळालं.

आता खरं सांगायचं तर निदान अचूक असतं. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूनं, चार-सहा बोटं लांबीत पसरून दुखत असेल, तर डॉक्टरही त्याला शिन स्प्लिंटच म्हणतात. कारणही उघड आहे. काल-परवापर्यंत पानटपरीपर्यंतसुद्धा मोटारसायकलवर जाणारा गडी जाहिरात वाचून एकदम रोज चार-पाच किलोमीटर पळतो, तेही कडक रस्त्यावर आणि बाजारातल्या पातळ तळव्याच्या बुटांत. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. हाड भारानं बळकट होतं हे खरं, पण त्याला डागडुजीला वेळ लागतो, आणि भरतीच्या पोराकडे तेवढंच नसतं. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारले तर 20 पैकी 20. त्यापुढे उशीर होईल तसे टप्प्याटप्प्यानं मार्क गळतात. मैदानाच्या 50 मार्कांतले हे 20 हातचे कोण सोडणार?

गंमत सुरू होते ती उपायांपासून. मोहरीचं तेल कडकडीत तापवून वरून खाली चोळायचं. खालून वर चोळलं तर दुखणं गुडघ्यात चढतं. खडेमिठाचा शेक. काचेची बाटली नळीवर लाटण्यासारखी फिरवायची. डाव्या पायात काळा दोरा. पळायच्या आधी मेडिकलवरची एक पांढरी गोळी, म्हणजे नळीला कळतच नाही आपण पळतोय ते. (नळीला कळत नाही, हाडाला कळतं. पण हाड लगेच बोलत नाही.) एका पोरानं कुठंतरी पाहून बर्फाचं नाव काढलं, तर सर खवळले. बर्फ रसवंतीवर असतो आणि तो रसात टाकायचा असतो, असं त्यांचं मत पडलं.

शंका घेणाऱ्यासाठी त्याच्याकडे दोन हुकमी दाखले आहेत. पहिला राजूरच्या गणपतीचा. “अंगारकीला जालन्याहून म्हाताऱ्या बाया अनवाणी चालत येतात. त्यांच्या नळ्या भरत्यात का?” नाही भरत, कारण त्या चालतात, पळत नाहीत, आणि घड्याळ लावून तर नाहीच नाही. दुसरा दाखला बीडच्या अविनाश साबळेचा. “गडी सहा-सहा किलोमीटर शाळेत पळत जायचा. 2022ला कॉमनवेल्थचं सिल्व्हर आणलं का नाई?” आणलं की, 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये. पण साबळेची हाडं लहानपणापासून पळत आलेली. आपल्या गड्याला बारावीपर्यंत बापानं गाडीवर शाळेत सोडलंय, हा तपशील सर वगळतात.

या सगळ्या औषधालयात एक औषध औषधालासुद्धा नाही, ते म्हणजे थांबणं. दोन-तीन आठवडे पळणं बंद, मग मऊ मातीवर थोडं थोडं, टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम, बरे बूट. एवढंच काय ते. पण हे सांगितलं तर सरांचं सरपण काय राहिलं?

एकदा मात्र ते बोलून गेले. “माहीबी दुखत व्हती. पण समदी नाई, इथं, बोटाएवढ्या जागेत. दाबलं की जीव जायचा. रातीला झोप नाई. एका पायावर उडी मारता येईना. तरी पळलो!”

“मंग काय झालं, सर?”

“मंग काय, एका मार्कानं राहिलो.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. ऐकणाऱ्यात एखादा हाडांचा डॉक्टर असता तर त्यानं टाळ्या वाजवल्या नसत्या. एकाच जागी टोचणारं, रात्रीही न सोडणारं दुखणं म्हणजे हाडाला बारीक चीर गेल्याची शंका. सुरुवातीच्या एक्स-रेत ती अनेकदा दिसतही नाही. तिथं तेल चोळत बसायचं नसतं, दवाखाना गाठायचा असतो.

सरांच्या नशिबानं त्यांना यश देणारंही एक पोरगं निघालं. त्याच्या घरी कापूस फुटला, मजूर मिळेनात, बापानं बूट लपवून त्याला वेचणीला धाडलं. वेचणी आटोपून तो मैदानावर परतला तेव्हा नळी ठणठणीत. सरांनी त्याला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाले, “बघा, माह्या तेलाचा गुण!” पोरानं तेलाची बाटली उघडलीच नव्हती. पण सरांपुढे खरं कोण बोलणार? त्या हंगामात गावात मोहरीचं तेल दुकानात टिकेना.

तुम्ही पहाटे त्या रस्त्यानं राजूरकडे किंवा भोकरदनकडे निघालात, तर पूर्णेच्या पुलाच्या आसपास गाडी सावकाश घ्या. पोरं कडेनं पळत असतात. मधोमध उभं राहून हातवारे करणारा एक जण दिसेल, त्याला हॉर्न देऊन उपयोग नाही, बाजूनं काढा. आणि त्यानं गाडी थांबवलीच, तर गुडघा दुखतो असं चुकूनही म्हणू नका.