सोवळ्यातला सर्व्हर

शुक्रवारी संध्याकाळी साहेब टेबलाशी येऊन म्हणतात, "त्या डेव्हलपर मुलांना लाइव्ह सर्व्हरवर फक्त वाचायची परमिशन ठेवा. लिहायची काढा. पाच मिनिटांचं काम आहे." पुढचं मार्गदर्शन त्या पाच मिनिटांसाठी आहे. जेवण ऑफिसातच मागवा.

आधी आकडे पाठ करा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १. यांच्या तीन बेरजा शेजारी शेजारी मांडायच्या: पहिली मालकाची, दुसरी ग्रुपची, तिसरी उरलेल्या गावाची. ६४० म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, ग्रुपने नुसतं वाचावं, गावाने आपापल्या घरी जावं. ७७७ म्हणजे भंडारा. ताट घेऊन कोणीही बसा. अडचणीत सापडलात की कोणीतरी परोपकारी माणूस ७७७ सुचवतोच. त्याने अडचण लगेच सुटते, हीच त्यातली खरी अडचण. हे आकडे फाईलीला लावणारी चमॉड ही आज्ञा १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलातही सापडते. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ शहाणीसुरती माणसं ती चुकीची देत आली आहेत. तुम्ही एकटे नाही.

आता संपूर्ण वेबसाइटच्या फोल्डरवर एका दमात ६४० फिरवा. वेबसाइट बंद पडेल. घाबरू नका, नवशिक्याची ही पायरी चुकत नाही. फाईलच्या बाबतीत १ म्हणजे चालवणे, पण फोल्डरच्या बाबतीत १ म्हणजे उंबरा ओलांडणे. ४ आहे आणि १ नाही, असं फोल्डर म्हणजे दारातून आतल्यांची नावं मोजायची मुभा आणि आत पाऊल टाकायला बंदी. म्हणून फोल्डरांना ७५० आणि फाईलींना ६४० असं वेगवेगळं द्यायचं. तेवढ्यासाठी चमॉडमध्ये मोठ्या लिपीतला एक्स आहे: तो उंबऱ्याची परवानगी फोल्डरांना देतो, साध्या फाईलींना देत नाही. छोटा एक्स आणि मोठा एक्स यांतला फरक कळायला मला दोन वर्षं आणि एक बंद पडलेली वेबसाइट लागली.

इथवर आलात की मुख्य फाईल ४४० करून टाका. मालकालासुद्धा लिहिता येणार नाही, असा कडेकोट बंदोबस्त. मग एखाद्या डेव्हलपरला ती पुसून दाखवायला सांगा. फोल्डरवर त्याच्या ग्रुपचा २ चुकून राहिला असेल, तर तो ती पुसून दाखवेल.

इथे नवशिक्याचा जीव खालीवर होतो, म्हणून सावकाश सांगतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही दोरीने करकचून बांधलंत, पण कपाट सताड उघडं ठेवलंत. लोणच्याला हात कोणी लावू शकत नाही, हे खरंच. अख्खी बरणी मात्र उचलून नेता येते आणि तिथे दुसऱ्या लोणच्याची बरणी ठेवता येते. फाईल पुसणं किंवा तिचं नाव बदलणं हा फाईलीतला बदल नसतो, फोल्डरमधल्या यादीतला बदल असतो, आणि त्याला परवानगी फोल्डरची लागते. व्हिम एडिटरला हे पक्कं ठाऊक आहे. "फाईल फक्त वाचण्यासाठी आहे" असं तो आधी सांगतो. पुढे उद्गारचिन्ह देऊन पुन्हा सेव्ह म्हटलं की उघड्या कपाटातली जुनी बरणी हलवून नवी ठेवतो. वर मालकीही डेव्हलपरच्या नावावर होते. तेव्हा दोरी नंतर, आधी कपाट.

पुढची पायरी: सगळ्या डेव्हलपरांना एका ग्रुपात घाला. त्यासाठीच्या यूजरमॉड या आज्ञेला मोठा जी देताना छोटा ए विसरू नका. ए म्हणजे "आहे त्यात भर घाला". तो राहिला, तर माणूस नव्या ग्रुपात जातो आणि बाकीच्या जास्तीच्या ग्रुपांतून निघतो. मी एकदा आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याला असंच सुडोच्या, म्हणजे रूटचे सर्वाधिकार वापरू देणाऱ्या, ग्रुपातून काढलं होतं. बदल नव्याने लॉगिन केल्यावरच लागू होत असल्यामुळे त्यांना ते सोमवारी सकाळी कळलं. तो सोमवार मला अजून आठवतो.

यानंतर लक्षात येतं की फाईलीला ग्रुप एकच असतो. तो वेबसर्व्हरला दिला तर डेव्हलपर बाहेर, डेव्हलपरांना दिला तर वेबसर्व्हर बाहेर. यावर उपाय म्हणजे सेटएफएसीएल ही आज्ञा: मूळ तीन बेरजांना धक्का न लावता डेव्हलपरांच्या ग्रुपला वेगळी चिठ्ठी. डिफॉल्ट चिठ्ठीही सोबत जोडा, नाहीतर उद्या तयार होणाऱ्या फाईलींना आजचा नियम कळणार नाही. चिठ्ठी जोडल्यावर परमिशनच्या रांगेच्या टोकाला एक बारीकसं अधिकचं चिन्ह उमटतं. ते कोणाला दिसत नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाही दिसणार नाही.

आता एक साधा प्रश्न विचारा: सुडो कुणाकुणाकडे आहे? उत्तर बहुधा "सगळ्यांकडे" असं येतं. गेल्या दिवाळीत सगळे रजेवर असताना कोणीतरी कोणालातरी दिलं होतं, मग भेदभाव नको म्हणून उरलेल्यांनाही दिलं. रूटला ६४०, ४४० काही अडवत नाही. कुंपण इतका वेळ बांधलंत ते ठीक, शेत त्याच्या आत आहे ना, तेवढं बघून घ्या.

सुडो काढून झालं की साहेबांना सांगा, आता डेव्हलपर फक्त वाचू शकतात. ते वाचतीलच. वाचता वाचता त्यांना सेटिंगची फाईल लागेल. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असेल, आणि त्या पासवर्डाच्या खात्याला डेटाबेसातली सगळी टेबलं पुसायचा अधिकार असेल, कारण तो देतानाही कोणीतरी म्हणालं होतं, पाच मिनिटांचं काम आहे.