भांडी कोण घासणार?

परदेशी मिशनकार्याला निघालेल्याला नगरच्या ख्रिस्तगल्लीत जो मान मिळतो, तो नवरदेवालाही मिळत नाही. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तरुण संघाने घड्याळ दिलं आणि आत्याने बाजरीचं पीठ, ठेचा नि सुती बनियनांचा गठ्ठा दिला. "आफ्रिका म्हणजे ऊनच ऊन रे बाळा!" केनियातलं नाकुरू आमच्या कळसूबाईपेक्षा उंचावर आहे, हे आत्याला कोण सांगणार? पहिल्या रात्री ती सगळी बनियनं एकावर एक घालून झोपलो.

टीम नवीकोरी. अमेरिकन लीडर, कोरियन जोडपं, ब्राझीलचा गिटारवाला, नागालँडची नर्स आणि मी. कामाला हात लावण्याआधी एकमेकांना समजून घ्यायचं म्हणून लीडरने स्वभाव ओळखण्याची लांबलचक प्रश्नपत्रिका सोडवून घेतली. मी 'शांतताप्रिय' निघालो. आत्या हे ऐकून तासभर हसली असती.

खरी परीक्षा फ्रिजने घेतली. कोरियन दादांची किमची आणि माझा ठेचा एका कप्प्यात आले, तेव्हा मला वाटलं, आता सामना रंगणार. तेवढ्यात नर्सबाईंनी आंबवलेल्या सोयाबीनची अखुनी उघडली. किमची आणि ठेचा दोघांनी मुकाट्याने शरणागती पत्करली. कोरियन मंडळी पहाटे उठून मोठ्याने प्रार्थना करतात, गिटारवाला पहाटे झोपायला जातो. म्हणजे घरात चोवीस तास कोणी ना कोणी जागं, तरी भांडी घासायला माणूस मिळत नाही.

यावर मीटिंग. नियम असा, की कोणाकडे बोट दाखवायचं नाही, फक्त स्वतःच्या भावना सांगायच्या. त्यामुळे कोरियन वहिनी छताकडे बघत म्हणाल्या, "मला असं जाणवतंय, की त्या कढईला फार एकटं वाटत असेल." कढई माझी होती. आमच्या गल्लीत हेच काम "ए, घास की रे!" एवढ्यात उरकतं.

लीडर फारच हताश झाला, तेव्हा त्याला त्याच्याच पूर्वजांची गोष्ट सांगितली. अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेची पहिली परदेशी तुकडी फेब्रुवारी १८१२ मध्ये दोन जहाजांतून हिंदुस्थानला निघाली. वाटेत अ‍ॅडोनिराम जडसन बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसले. कलकत्त्याला उतरल्यावर बुडवूनच बाप्तिस्मा हवा म्हणून बॅप्टिस्ट झाले. मागोमाग लूथर राइसही तिकडे गेले. कंपनी सरकार तर म्हणत होतं, आल्या पावली परत जा. उरलेल्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला पोहोचले आणि पुढे १८३१ मध्ये ते मिशन नगरला आलं. म्हणजे आमच्यापर्यंत सुवार्ता आली ती फुटक्या टीमच्या हातून. पौल आणि बर्णबासुद्धा मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून वेगळे झालेच होते. लीडरने विचारलं, "मग आपणही फुटायचं का?" म्हटलं, ते लोक पाण्यात किती बुडायचं यावर फुटले. आपल्याकडे पाण्याला हात लावायलाच कोणी तयार नाही.

शेजारी घरमालकीणबाई राहतात. या गावात सुवार्ता आम्ही आणायची बाकी नव्हती; बाईंच्या चर्चमधली रविवारची उपासना आमच्या नगरच्या दोन उपासनांएवढी चालते. बिऱ्हाड थाटल्याबद्दल त्या गरम मांदाझी घेऊन आल्या. आम्ही स्वाहिलीतले पाठ केलेले आभार मानले, तर बाई म्हणाल्या, आधी प्रार्थना. डोळे मिटून त्यांनी आमच्या प्रवासासाठी, तब्येतीसाठी, घरच्यांसाठी मागितलं. मग आवाज चढवून म्हणाल्या, "आणि प्रभू, या लेकरांना एकमेकांचं सोसायची ताकद दे, कारण मधली भिंत फार पातळ आहे."

सगळ्यात मोठ्याने 'आमेन' कोरियन दादा म्हणाले. एक डोळा उघडा ठेवून, माझ्याकडे बघत.