धुळीच्या मुलुखात वॉशिंग सेंटर

खानदेशात वॉशिंग सेंटर काढणाऱ्याला कच्च्या मालाची काळजी नसते. बाकीच्या धंद्यांत माल बाहेरगावाहून मागवावा लागतो, उधारी सांभाळावी लागते, गोदाम लागतं. आमचा माल वाऱ्यावर येतो, फुकट येतो आणि गिऱ्हाईक तो स्वतःच्या गाडीवर लादून दारापर्यंत पोचवतं. काळी जमीन, मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारं ऊन आणि भर दुपारी माळावर उठणारी वावटळ, एवढ्या भांडवलावर हा धंदा उभा आहे. त्यात महामार्गाच्या चौपदरीकरणाने जी साथ दिली तिला तोड नाही. तरसोद ते फागणे हा टप्पा वर्षानुवर्षं रखडला होता, तेव्हा अख्खा जिल्हा त्या रस्त्याच्या नावाने बोटं मोडत होता. मी तेवढा गप्प असायचो. अन्नदात्याला नावं ठेवू नयेत.

जळगावात अजिंठा चौफुलीच्या पुढे माझं सेंटर आहे, धुळ्याला साक्री रोडवर मावसभावाचं. तो मोठा म्हणून मी त्याला नाना म्हणतो. रात्री शटर ओढलं की त्याचा फोन येतो, “काय भो, गिऱ्हाईक शे का?” मी म्हणतो, “जठलोंग फुफाटा शे, तठलोंग गिऱ्हाईक शे.” आमच्या धंद्याचा ताळेबंद एवढाच.

लोकांना वाटतं आम्ही पाणी विकतो. पाणी तर घरच्या बादलीतही असतं. आम्ही विकतो तो दाब. माझा पंप मुळात फवारणीचा आहे; तीन पिस्टनचा, पट्ट्यावर चालणारा, गावाकडे कपाशीवर आणि फळबागेवर औषध मारायला वापरतात तसलाच. मोटार पट्टा फिरवते, पिस्टन पाणी ढकलतात आणि मीटरचा काटा तीस किलोच्या आसपास जाऊन थरथरतो. गाडीच्या टायरमध्ये हवा असते तिच्या बारा-चौदा पट हा जोर. गंमत अशी की पंपाला स्वतःला दाब निर्माण करता येत नाही, तो नुसता ढकलतो. पुढे नोझलचं भोक बारीक असतं, ते पाण्याला अडवतं, आणि त्या अडवण्यातून दाब तयार होतो. नोझल काढून टाकलं तर तेच पाणी नळासारखं मुकाट पायाशी पडतं. कोणीतरी अडवल्याशिवाय अंगात जोर येत नाही, हे मला इथे उमगलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना मी हे सांगतो, तेव्हा ती पगारवाढीचा विषय काढतात.

या कामाचं रीतसर यंत्र जर्मनीतल्या आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली आणलं, गरम पाणी जोराने मारणारं. त्यांच्या कंपनीने पुढे २००५ साली अमेरिकेतल्या माउंट रशमोर डोंगरावर कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांची तोंडं धुऊन दिली. दगडावर शेवाळासारखी वाढ झाली होती, ती साबण न वापरता गरम पाण्याने काढली. हे मी नानाला सांगितलं तर तो म्हणाला, “त्यात काय विशेष? आपल्याकडे जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळ्यांच्या अंघोळी होतातच की.” मुद्दा बिनतोड होता. फरक इतकाच की तिकडच्या पुतळ्यांना अंघोळीनंतर भाषण ऐकावं लागत नाही.

पाण्याचा दाब ओळखणारी माणसं खानदेशाला नवीन नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एम. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नवखे सहायक अभियंता म्हणून इकडे आले होते. पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन त्यांनी बांधला, आणि ही त्यांच्या हातून झालेली अगदी सुरुवातीची कामगिरी होती. अलीकडचं पाणी उंचावर, म्हणून ते नळातून खाली उतरतं आणि पलीकडे आपोआप वर चढतं. मोटार नाही, पट्टा नाही, महावितरणचं बिल नाही. साक्री रोडवर भारनियमनात पंप बंद पडतो तेव्हा नाना विश्वेश्वरय्यांचं नाव आदराने घेतो, आणि मग दुसऱ्या काही जणांचं नाव तितक्या आदराने घेत नाही.

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे नानाच्या रॅम्पवर देशभरातली माती उतरते. राजस्थानच्या ट्रकवर संगमरवराची पांढरी भुकटी, कोकणातून आलेल्यावर तांबडी माती, दीपनगरच्या वीज केंद्रातून राख वाहणाऱ्या बल्करवर करडा थर. नाना चाकाच्या वरची कमान नुसती बघतो आणि गाडी कुठून कुठे फिरली ते सांगतो. मालक फोनवर विचारत असतो, ड्रायव्हर काहीतरी सांगत असतो. मडगार्ड मात्र खोटं बोलत नाही. नाना हे कोणाला सांगत नाही. गन उचलतो, पुरावा गटारात सोडतो आणि चहा मागवतो.

माझ्याकडे जळगावात दुचाकी जास्त, आणि रावेर-यावलकडून केळी घेऊन येणारे टेम्पो. केळीचा चीक ज्याने एकदा शर्टावर पाडून घेतला त्याला सांगायला नको. तो डाग शर्ट फाटेपर्यंत साथ सोडत नाही. टेम्पोच्या फळ्यांवरही तो काळा होऊन बसतो. त्यावर दाब चालत नाही, शाम्पू चालत नाही, शिव्याही चालत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, “निघेल ना भाऊ?” मी म्हणतो, “नवीन फळी टाका.” प्रामाणिकपणाची जाहिरात करावी लागत नाही, असं म्हणतात. माझा अनुभव असा की प्रामाणिकपणाने गिऱ्हाईक समोरच्या सेंटरला जातं आणि तिथून तसाच डाग घेऊन आठ दिवसांनी परत येतं.

आमचं वर्ष पंचांगावर चालतं. आखाजीला माहेरवाशिणी येतात, तेव्हा जावयांच्या गाड्या येतात. जावयाची गाडी सासऱ्याच्या पैशाने धुतली जाते, म्हणून जावई आतून व्हॅक्यूमही मारून घेतो. मृग लागला की चिखल. काळ्या मातीचा चिखल भिजला की फुगतो, मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये जाऊन बसतो आणि वाळला की सिमेंटला लाजवतो. श्रावणात कानबाई येणार म्हणून घरं धुवायची लगबग असते. एकदा एका आजींनी नातवाला माझ्याकडे पंप भाड्याने मागायला पाठवलं, घर धुवायला. घर कोणतं, तर जुनं धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. मी म्हटलं, “बाळा, आजीला सांग, हा पंप मारला तर घर स्वच्छ होईल, फक्त उरणार नाही.” पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकून ज्या घराला पाण्यापासून जपायचं, त्याला तीस किलोच्या पाण्यासमोर उभं करणं म्हणजे पाहुणचार करून पाहुण्याला विहिरीत ढकलण्यासारखं.

पोळ्याला पूर्वी नदीवर बैलांच्या अंघोळी व्हायच्या. आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, पाठीवर झूल. आता कितीतरी घरांत बैलांच्या जागी ट्रॅक्टर आहे, म्हणून श्रावणी अमावास्येच्या सकाळी माझ्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागते. धुऊन झालं की बोनेटला हळदकुंकू, स्टिअरिंगला गोंडा. ज्यांच्याकडे अजून जोडी आहे, त्यांतला एखादा हळूच विचारतो, “भाऊ, बैल आणू का?” बैलाला गन चालत नाही. त्याला हाताने चोळावं लागतं, मधूनमधून नावाने हाक मारावी लागते. ट्रॅक्टरचं तसं नाही. तो धुताना लाथ मारत नाही, आणि धुतल्यावर मानही घासत नाही. दसऱ्याला मग सगळ्या प्रकारची वाहनं एकदम येतात. घटस्थापनेपासून घरी जेवायला जाणं बंद. आमची बायको म्हणते, “जगाच्या गाड्या धुता, आपली बघा.” आपली गाडी दसऱ्याच्या संध्याकाळी धुतली जाते, अंधारात, टॉर्च धरून.

थंडीत भरीत पार्ट्या. बामणोदच्या वांग्यांचं भरीत शेतात बसून खाल्लेली मंडळी येते. गाडीच्या मागच्या सीटवर कांद्याची पात, कळण्याच्या भाकरीचे तुकडे आणि कोणाची तरी एक चप्पल. चप्पल आम्ही सांभाळून ठेवतो. तिचा मालक क्वचितच येतो. लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीवरून थर्माकोलची नावं खरवडायची असतात. निवडणूक झाली की स्टिकर. जिंकलेल्यांच्या गाड्यांवर स्टिकर तसाच राहतो, हरलेल्यांच्या गाड्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येतात, आणि मालक म्हणतात, “डिंक राहता कामा नये.”

पाऊस हा आमचा भागीदार आणि वैरी. धुतलेल्या गाडीवर पाऊस पडतो, हा निसर्गनियम आहे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक तावातावाने येतं, “काल गाडी धुई अन् आज पानी उनं!” जणू ढग मीच भाड्याने आणले. एका दुष्काळी वर्षी आषाढ कोरडा गेला, तेव्हा पाच-सहा शेतकरी मिळून गाड्या धुवायला आले. मी चकित. म्हणाले, “बाकी सगळे उपाय झाले, हा एक राहिला होता.”

विनोद इथे जरा आवरता घ्यावा लागतो, कारण पुढचा विषय पाण्याचा आहे. उन्हाळ्यात आमच्या शहरांत नळाला पाणी किती दिवसांआड येतं, हे इथल्या बायकांना तारखेसकट पाठ असतं. अशा गावात गाड्या धुणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत असतो. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी ज्या शहरातून ठिबकचा प्रसार केला, त्या शहरात मी फवारा मारतो. ठिबकची एक तोटी तासाला साधारण चार लिटर पाणी देते. माझी गन मिनिटाला दहा लिटर टाकते. एका मोटारसायकलला तीन मिनिटं धरली तर तीस लिटर झाले. म्हणजे एका बाइकची अंघोळ ही ठिबकच्या एका तोटीची साडेसात तासांची ड्युटी. हा हिशेब मी भिंतीवर लिहून ठेवला होता, तर गिऱ्हाइकांना तो दरपत्रक वाटला आणि “साडेसात तास कशाला थांबू?” म्हणून एक जण निघून गेला.

तरी गन हा बादली-पाइपापेक्षा बरा मार्ग आहे. मोकळा पाइप लावून अंगणात गाडी धुणारे गृहस्थ शेजाऱ्याशी राजकारण बोलत राहतात, आणि पाणी वाहत राहतं. गनचा खटका सोडला की पाणी बंद. खाली आम्ही दोन टाक्या केल्या आहेत; पहिलीत माती बसते, दुसरीत तेल वर तरंगतं ते काढून घेतो, आणि राहिलेलं पाणी ट्रकच्या चाकांना पुन्हा वापरतो. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षं फड पद्धतीने शेती झाली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येई, पाटकरी ते ठरल्याप्रमाणे सोडे, आणि शेवटच्या शेतापर्यंत ते पोचवणं ही सगळ्यांची जबाबदारी असे. त्या माणसाच्या हातात ना मीटर होता ना पंप, तरी पाणी कुठे किती सोडायचं हे त्याला कळत होतं. मला कधी कधी वाटतं, माझ्या धंद्याचा खरा पूर्वज केर्शरसाहेब नसून तो पाटकरी असावा.

कारण या कामातलं कौशल्य दाब वाढवण्यात नाही, नेमका कुठे कमी करायचा हे ओळखण्यात आहे. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांवर जवळून मारलं तर त्या वाकतात. बेअरिंगवर मारलं तर ग्रीस निघून पाणी आत शिरतं. जुना रंग पापुद्र्यासारखा उडतो, वायरिंगमध्ये पाणी गेलं तर गाडी चकाचक होऊन जागीच उभी राहते. आणि माणसाच्या अंगावर तर थट्टेतही गन धरायची नाही. मोठ्या यंत्राची बारीक धार कातडीतून आत शिरते. नवीन पोराला पहिले आठ दिवस मी फक्त चाकं देतो. त्याला वाटतं हा अपमान आहे. पण ज्याच्या हातात प्रथमच जोर येतो, त्याला तो सगळीकडे वापरून बघावासा वाटतो, आणि हे फक्त वॉशिंग सेंटरपुरतं खरं नाही. साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. काचेवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून तिथे सफाई चालूच ठेवावी लागते, आणि तीही हलक्या हाताने, काचेला धक्का न लावता. वीज तयार करणाऱ्यांनासुद्धा जोर आवरावाच लागतो.

तेव्हा मंडळी, धंद्याच्या विरोधात जाऊन एक सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत दर आठवड्याला गाडी आणू नका. काच, दिवे आणि नंबर प्लेट ओल्या फडक्याने पुसा. बाकीची धूळ राहू द्या, गाडी तेवढीच धावते. मृगाचा चिखल लागला, पोळा आला, दसरा आला की जरूर या. आणि आलात तर “जरा जोरात मार” असं पोराला सांगू नका. त्याला मी मोठ्या मुश्किलीने हळू मारायला शिकवलं आहे.