चुकीच्या नावांची थोरवी

आमच्या गावाबाहेर विजेच्या तारेवर रोज सकाळी वेडा राघू बसतो. चिमणीएवढा, हिरवागार, शेपटीच्या मधोमध एक बारीक काडी लांब निघालेली. तो राघू नाही, पोपटाशी त्याचं काही नातं नाही. आणि वेडा तर तो मुळीच नाही. परवा त्याला अगदी जवळून पाहिलं. तारेवरून सुटला, हवेत गिरकी घेऊन मधमाशी चोचीत धरली आणि परत त्याच जागी येऊन बसला. मग मान झटकत तिला तारेवर आपटलं, तिचं पोट तारेवर घासघासून काढलं आणि मगच गिळलं. ताटातल्या माशाचा काटा काढावा, तशी त्याने नांगी निकामी केली.

शेजारची मुलगी सोबत होती. तिने विचारलं, "काका, मग याला वेडा कुणी ठरवलं?"

ज्याने ठरवलं त्याने या पक्ष्याच्या येरझाऱ्या पाहिल्या होत्या. सारखा उडतो, सारखा तिथेच परततो, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. अर्थ चुकला, पाहणं चुकलं नाही. आणि त्या चुकलेल्या नावानेच आज एक मुलगी प्रश्न विचारायला लागली. बरोबर नावाने हे काम झालं नसतं. म्हणून आज मी चुकीच्या नावांची स्तुती करणार आहे आणि त्यातला शब्द न् शब्द मनापासूनचा आहे.

आरंभ सगळ्यात मोठ्या चुकीला नमस्कार करून करू. 1522 साली मॅगेलनच्या मोहिमेतलं व्हिक्टोरिया हे एकच जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला परतलं. त्यावर मोलुक्का बेटांतल्या एका राजाने दिलेली काही पक्ष्यांची कातडी होती. पिसं अशी, की युरोपने तसं काही पाहिलंच नव्हतं. पुढे व्यापारातून अशी आणखी कातडी येत गेली, ती बहुधा पाय कापूनच, कारण न्यू गिनीकडचे शिकारी ती तशीच तयार करत. मोहिमेचा बखरकार पिगाफेट्टा याने या पक्ष्यांना पाय असल्याचं लिहून ठेवलं होतं, पण पायांची गोष्ट कुणाला नको होती. ज्याला पाय नाहीत तो जमिनीवर उतरणार कसा? म्हणजे तो जन्मभर उडतच असणार, दवावर जगत असणार, स्वर्गातून आलेला असणार. 1758 साली लिनियसने या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं पॅराडिसेआ अपोडा. अर्थ सरळ आहे: स्वर्गाचा, बिनपायांचा. त्या पक्ष्याला पाय आहेत, चांगले दणकट आहेत, तो फांदीवर नाचतो. नाव मात्र आजही बिनपायांचंच आहे.

ते बदललं का नाही? कारण बदलायची परवानगी नाही. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता 1 जानेवारी 1758 हा दिवस आरंभ मानते. त्यानंतर रीतसर प्रसिद्ध झालेलं पहिलं नाव ते खरं नाव. अर्थ चुकीचा आहे, गाव चुकीचं आहे, रंग चुकीचा आहे, ही कारणं नाव मोडायला पुरत नाहीत. हे नेहमीच असं नव्हतं. 1842 साली ह्यू स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये पहिली मोठी नियमावली तयार झाली, त्या समितीत चार्ल्स डार्विनही होता. तिच्यात एक फट ठेवलेली होती: नाव खोटं असेल आणि त्यातून मोठा गैरसमज पसरणार असेल, तर बदलावं. आता ही फट किती रुंद आहे पाहा. गैरसमज किती मोठा हे कोण मोजणार? जो तो आपल्या शहाणपणाने जुनं नाव खोडणार आणि नवं लिहिणार, पुढचा त्याचंही खोडणार. एका पक्ष्याची दहा नावं झाली की तो पक्षी दहा ग्रंथांत दहा ठिकाणी हरवतो. आजच्या संहितेने ती फट बुजवली. माझ्या मते माणसाने केलेल्या कायद्यांत इतका नम्र कायदा दुसरा क्वचितच असेल: आम्ही चुकलो होतो, आणि ते पुसायचा हक्क आम्ही स्वतःलाच देत नाही.

या कायद्याची फळं आपल्या अंगणात रोज फिरतात. साळुंकी घ्या. लिनियसने 1766 साली तिचं नाव ठेवलं तेव्हा तिला थेट स्वर्गीय पक्ष्यांच्या घराण्यात बसवलं आणि दुसरा शब्द दिला ट्रिस्टिस, म्हणजे उदास किंवा मळकट. तिचं मूळ गाव लावलं फिलिपिन्स. ती मूळची तिथली नाहीच, पुढे अभ्यासकांनी हा पत्ता दुरुस्त करून पाँडिचेरी असा केला. घराणंही बदललं: आता तिचा पहिला शब्द आहे अ‍ॅक्रिडोथेरेस, म्हणजे टोळांची शिकारीण, आणि हे अगदी बरोबर आहे. पहिला शब्द नात्याचा असतो, नातं नव्याने कळलं की तो बदलतो. दुसरा शब्द मात्र तिला चिकटलेलाच राहिला. भुईमुगाच्या शेतात नांगरामागून ऐटीत चालणारी, डोळ्याभोवती पिवळी पट्टी मिरवणारी, दिवसभर बडबडणारी ही बाई जगभरच्या ग्रंथांत उदास आहे. ते वाचून मी पहिल्यांदा तिचा तपकिरी रंग नीट पाहिला. तोवर फक्त पिवळं पाहत होतो.

नवरंगाचंही तसंच. पावसाच्या तोंडावर तो आपल्याकडच्या जंगलांत येतो, आणि आपण त्याच्या अंगावरचे रंग मोजून त्याला नाव दिलं. लिनियसला त्याची शेपटी दिसली. ब्रॅकियुरा म्हणजे आखूड शेपटीचा. त्याने त्याला कावळ्यांच्या प्रजातीत घातलं होतं. तिथून पुढे तो निघाला आणि ज्या प्रजातीत स्थिरावला तिचं नाव आहे पिट्टा. हा शब्द तेलुगू आहे. तेलुगूत पिट्टा म्हणजे साधा लहान पक्षी. कुणीतरी बोट दाखवून विचारलं असणार आणि कुणीतरी "पाखरू आहे" असं उत्तर दिलं असणार, असं मला नेहमी वाटतं. त्या उत्तराने आंध्रातलं घरगुती बोलणं जगाच्या पक्षीशास्त्रात जाऊन बसलं.

खाडीकाठच्या खंड्याचा पत्ता तुर्कस्तानातला आहे. हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस, म्हणजे स्मर्नाचा, आजचं इझमीर. कोकणात, देशावर, विदर्भात, विहिरीच्या काठावर, अगदी पाण्यापासून दूर शेतातल्या खांबावरही तो बसलेला असतो, पण युरोपच्या चित्रकाराकडे त्याचा जो नमुना पोहोचला तो स्मर्नाहून. हे नाव वाचलं की कळतं, आपला म्हणून आपण ज्याला ओळखतो तो भूमध्य समुद्रापर्यंतच्या लोकांचाही आहे.

आणि कावळा. 1817 साली व्हिएयो या फ्रेंच अभ्यासकाने त्याला नाव दिलं कोर्व्हस स्प्लेंडेन्स: झळाळणारा कावळा. पितृपक्षातले चार दिवस सोडले तर आपण ज्याच्याकडे मान वर करून पाहतही नाही, त्याला. मी हे नाव बरीच वर्षं चूक समजत होतो. मग भाद्रपदातल्या एका सकाळी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून आम्ही थांबलो होतो. कावळा आला, तिरपा होऊन बसला, आणि उन्हात त्याच्या पाठीवर जांभळा, मग निळा, मग हिरवट असा रंग सरकत गेला. मानेचा राखी पट्टा त्याखाली मखमलीसारखा दिसत होता. व्हिएयो बरोबर होता. चूक आमच्या पाहण्यात होती, आणि हे नाव बदललेलं असतं तर ती चूक मला कधी कळली नसती.

दयाळाची कथा तर चुकीवरही चूक रचते. त्याच्या दयाळ या देशी नावाचं इंग्रजीत डायल झालं, म्हणजे घड्याळाची तबकडी. ल व्हेयां या फ्रेंच पक्षीतज्ज्ञाला ते सूर्यघड्याळ वाटलं आणि त्याने पक्ष्याचं नावच तसं करून टाकलं. लिनियसने दिलेलं नाव आहे सॉलॅरिस. थॉमस जर्डनने अनुमान केलं, की लिनियसही सूर्यघड्याळालाच फसला, त्याला सूर्याचा म्हणजे सोलॅरिस लिहायचं होतं आणि लेखणी घसरली. इतकं पटण्यासारखं स्पष्टीकरण, पण एडवर्ड ब्लिथने ते खोडून काढलं. मद्रासहून बल्कली नावाच्या शल्यवैद्याने हा पक्षी इंग्लंडला पाठवला होता तो सौलारी या हिंदुस्थानी नावासह, आणि त्या नावाचा अर्थ ब्लिथने दिला: शंभर गाणी गाणारा. म्हणजे नावात चूक नव्हतीच. कुणी शहाण्याने ते "शुद्ध" करून सोलॅरिस केलं असतं, तर शंभर गाणी कायमची गेली असती. चैत्रात पहाटे छपराच्या टोकावर बसून दयाळ शीळ घालतो तेव्हा मला त्या न झालेल्या दुरुस्तीचे आभार मानावेसे वाटतात.

आता पिअर सोनेरा. हा फ्रेंच प्रवासी 1776 साली न्यू गिनीच्या सफरीचं पुस्तक घेऊन आला. त्याने न्यू गिनीत पाऊल ठेवलंच नव्हतं. पुस्तकात तिथले म्हणून त्याने जे पक्षी दाखवले, त्यांत हसणारा कुकाबुरा होता, जो ऑस्ट्रेलियाचा आहे, आणि पेंग्विनही होते. त्यावर विसंबून नावं ठेवली गेली: कुकाबुरा झाला नोव्हेगिनी, न्यू गिनीचा, आणि दक्षिण ध्रुवाकडच्या थंडगार बेटांवर राहणारा जेंटू पेंग्विन झाला पापुआ. दोन्ही नावं आजही तशीच. सोनेराची बढाई गेली अडीचशे वर्षं उघड्यावर उभी आहे, जो कोणी या पक्ष्यांचा अभ्यास करतो त्याला ती भेटते आणि सावध करते. याच सोनेराने हिंदुस्थानातही बरंच पाहिलं, आणि ते खरं होतं. सह्याद्रीत पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते, ज्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब पडल्यासारखे ठिपके असतात, त्या राखी रानकोंबड्याचं शास्त्रीय नाव आहे गॅलस सोनेराटी. एकाच माणसाचं खोटं पेंग्विनकडे आहे आणि खरं आपल्या रानकोंबड्याकडे. शास्त्राने दोन्ही जपलं.

जपलं नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राच्या मातीतच कळलं. रानपिंगळा या घुबडाला 1873 साली ह्यूमने ब्लुइट या संग्राहकाचं नाव दिलं. 1884 नंतर तो पक्षी कुणाला सापडेना. एकच नमुना पुढच्या काळातला होता: रिचर्ड माइनर्टझहागन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाचा, चिठ्ठीवर 1914 साल आणि गुजरातेतलं मांडवी. शोधणारे तिकडे शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा दिसलं, की ते संग्रहालयातून चोरलेलं जुनं कातडं होतं, नव्याने भरलेलं. मुळात ते खानदेशात काम केलेल्या जेम्स डेव्हिडसनने 1880च्या दशकात गोळा केलं होतं. जुनी चिठ्ठी काढून तिच्या जागी नवी, नीटनेटकी, संशयाला जागा नसलेली चिठ्ठी लावली होती. तो खोटा पत्ता बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या गेल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. 113 वर्षांनी.

सोनेराही खोटं बोलला आणि माइनर्टझहागनही. सोनेराच्या खोट्याने आज कुणी वाट चुकत नाही, कारण ते नाव-तारखेसह सगळ्यांसमोर आहे. दुसऱ्याने जुनी खूण पुसली, म्हणून एक जिवंत पक्षी हरवलेलाच राहिला. चांगल्या संग्रहालयांत म्हणूनच एक शिस्त असते. नमुन्याच्या पायाला बांधलेली जुनी चिठ्ठी काढायची नाही, ती कितीही चुकीची असो. नवं मत असेल तर नवी चिठ्ठी लिहायची, खाली नाव आणि तारीख घालायची आणि जुनीच्या शेजारी बांधायची.

ही शिस्त मी माझ्या वहीत आणली आहे. मृगाच्या आदल्या आठवड्यात गावाबाहेरच्या आंब्यावर एक राखी पक्षी बसला होता, छातीवर आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे, डोळा पिवळा. मी लिहिलं: शिक्रा. तेवढ्यात त्याने चोच उघडली आणि "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" सुरू केलं. पावशा होता. लहान पाखरंही त्याला शिक्राच समजून घाबरतात. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, खोडा ना ते." मी खोडलं नाही. शिक्रा तसाच ठेवला, शेजारी पावशा लिहिलं, तारीख घातली आणि खाली तिचं नाव लिहिलं, कारण आवाज आधी तिने ओळखला होता.