श्रीयुत कार्डहर्ते यांस



आपलं नाव ठाऊक नाही, म्हणून कामावरून हाक मारतोय, राग नसावा. पुण्यातल्या त्या क्लबात माझ्यानंतर वाजवायला उभे राहिलात ते आपणच, की आपल्याबरोबर डीजे बूथमध्ये घुसलेल्या मित्रमंडळींपैकी कुणी, याचा छडा अजून लागलेला नाही. पण डाव्या प्लेअरचं छोटंसं झाकण उघडून आतलं मेमरी कार्ड ज्या बोटांनी अलगद काढलं, त्यांना दाद द्यायची राहूनच गेली होती. शेजारी माझा हेडफोन होता, सीडींचं जाडजूड पाकीट होतं. त्यांना आपण हातही लावला नाहीत. केवढा हा संयम!

आपण नेमकं काय नेलंत ते आधी सांगतो, कारण आपल्याला ते कळलं असेल असं वाटत नाही.

२००१ साली पायोनियर कंपनीचा सीडीजे-१००० हा डीजे प्लेअर आला आणि सीडीसुद्धा रेकॉर्डसारखी हाताने मागेपुढे फिरवता यायला लागली. अडचण एकच होती. रेकॉर्डवाल्या मंडळींना तबकडीवर स्टिकर चिकटवून ‘इथून सुरू करायचं’ अशी खूण करता यायची. सीडीवर मार्करने कितीही खरडलं तरी ती प्लेअरच्या पोटात गेल्यावर ते दिसणार कुणाला? आणि वाजणाऱ्या सीडीवर प्लेअरही काही लिहू शकत नाही. म्हणून खुणा ठेवायला वेगळी जागा दिली, ती म्हणजे टपाल तिकिटाएवढं मेमरी कार्ड. क्यू पॉइंट, लूप, गाण्याच्या लहरींचा आलेख, सगळं त्यावर. पुन्हा तीच सीडी आत सरकवली की सगळ्या खुणा आपापल्या जागी हजर.

आता ही खूण पडते कशी? एका लावणीच्या रिमिक्सचं उदाहरण घ्या. सुरुवातीची आलापी संपते आणि ढोलकी सुरू होते. मला हवा असतो ढोलकीचा पहिला ठोका. त्याच्या आधीची शांतता नको आणि ठोका वाजून गेल्यानंतरची घुमारही नको. गाणं थांबवायचं, हेडफोन कानाला दाबून धरायचा. थांबवलेल्या जागेचा बारीकसा तुकडा कानात घरघरत राहतो. मग जॉग व्हील, म्हणजे प्लेअरवरचं चाक, बोटाने एकेक फ्रेम ढकलत न्यायचं. सीडीवर सेकंदाला ७५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १३ मिलिसेकंदांची. घरघर, घरघर, आणि अचानक ‘टक्’. मग तो ‘टक्’ जिथून उगवतो तिथे परत मागे जायचं. क्यू दाबायचं, ऐकायचं, पुन्हा एक फ्रेम मागे. जमलं की मेमरी बटण. मिनिटाला १२५ ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंदही नसतो. इथे कंटाळा केला तर ऐन गर्दीत दोन गाणी एकमेकांच्या पायात पाय घालतात. मग दुसरी खूण, जिथे नुसता ठेका उरतो तिथे. तिसरी, जिथून बाहेर पडायचं तिथे. मग पुढचं गाणं. मग पुढची सीडी. घरचे झोपलेले असायचे आणि मी अंधारात त्या ‘टक्’च्या मागावर.

हे सगळं आपण दोन बोटांच्या चिमटीत घेऊन गेलात.

आणि खरी गंमत पुढे आहे. ऑडिओ सीडीवर तिचं स्वतःचं नाव असेलच असं नाही. मशीनने ती ओळखायची ती मांडणीवरून: ट्रॅक किती, कुठला कुठे सुरू होतो. त्यामुळे त्या कार्डावरच्या खुणा माझ्या घरी भाजलेल्या, माझ्या क्रमाच्या सीडींनाच लागू. आपण त्यातलीच गाणी घेऊन वेगळ्या क्रमाने सीडी बनवलीत तरी प्लेअरच्या लेखी ती परकी. थोडक्यात, कुलुपं माझ्याकडे राहिली आणि किल्ल्यांचा जुडगा आपल्या खिशात गेला. अशी चोखंदळ चोरी करायला गाढा अभ्यास लागतो, किंवा अजिबात लागत नाही.

माझा कयास दुसऱ्या बाजूचा आहे. त्या काळी डिजिटल कॅमेरे नवे होते आणि कार्डं महाग. आपण घरी जाऊन ते कॅमेऱ्यात घातलं असणार. कॅमेऱ्याने विचारलं असणार, ‘फॉरमॅट करू का?’ आणि आपण हो म्हणाला असणार. बदल्यात पंधरा-वीस फोटो मावले असतील. कुणाच्या तरी बारशाचे असावेत, अशी माझी प्रार्थना आहे. निदान बाळ तरी गोंडस निघालं असेल.

पुढच्या कार्यक्रमात काय झालं तेही कळवतो. पहिली सीडी घातली, सवयीने खुणेवर नेणारा कॉलचा बाण दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. समोर नवरदेवाचे मित्र हात वर करून उभे, आणि मी मंगलाष्टकं चुकलेल्या भटजींसारखा इकडेतिकडे बघतोय. ती अख्खी रात्र मी अंदाजाने काढली. लोक नाचले, तो त्यांचा मोठेपणा.

आपला धंदा पुढे भरभराटीला आला असेल. २००९ साली सीडीजे-२००० आला. गाणी आणि खुणा दोन्ही एकाच पेन ड्राइव्हवर किंवा कार्डावर राहायला लागल्या. म्हणजे आपल्याला जे दोन खेपांत न्यावं लागायचं ते एका खेपेत. २०२०च्या सीडीजे-३०००मध्ये तर सीडी घालायची फटच उरली नाही. पायोनियरवाल्यांनी मात्र एक अरसिकपणा केलाय: खुणा आता सहसा आधी घरच्या लॅपटॉपवर तयार होतात आणि मग ड्राइव्हवर उतरतात. ड्राइव्ह गेला तरी मूळ प्रत घरी शाबूत. आपल्यासारख्यांची मेहनत वाया जावी, याचं मला फार वाईट वाटतं.

माझे ते जुने प्लेअर अजून चालू आहेत. पण आज दुकानात मिळतात ती ३२ जीबीची कार्डं त्यांना वाचता येत नाहीत. ते बिचारे २००६मध्ये आलेल्या एसडीएचसी या जास्त क्षमतेच्या कार्डांच्या आधीचे. काही एमबींचं जुनं कार्ड शोधत मी भंगारवाल्यांकडे फिरतो. तेव्हा आपल्या कपाटात जुना कॅमेरा पडून असेल तर फोटो काढून घ्या आणि कार्ड पाठवून द्या. कोरंच पाठवा, चालेल.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
डाव्या प्लेअरचा मालक

ता. क. : कार्डाचं झाकण जाताना आपण नीट लावून गेलात. आमच्या बूथमध्ये तेवढंही कुणी करत नाही.